भरल्या ओटीचा माणूस

हिरडव गावाच्या वर, खिंडीच्या अलीकडे, काळ्या ओढ्याच्या काठावर एक भला मोठा दगड आहे. तो आहे एका जुन्या पाटाच्या अगदी तोंडात. पाट कधीचाच गवतानं बुजून गेला आहे, पण दगड जागचा हललेला नाही. त्याला शेंदूर नाही, समोर घंटा नाही, नारळाच्या करवंट्यांचा ढीगही नाही. पायथ्याशी हातभर रुंदीचा मातीचा पट्टा आहे आणि त्यात गहू, नाचणी, हरभरा, वाल असं सगळं एकमेकांत मिसळून उगवलेलं असतं. वरच्या गडाला जाणारी मंडळी इथं पाणी प्यायला टेकतात. बरोबर वाट दाखवायला सखाहरीबाबा गुरव असले, तर घोटभर पाण्याला तासभर लागतो.

कोणीतरी विचारतंच, की बाबा, ही पेरणी कुणाची? बाबा म्हणतात, "ही भरओट्यांची पेरनी हाय." मग भरओट्या म्हणजे काय, हे सांगणं आलंच.

एक राजा दुसऱ्या राजाकडे बोलणी करायला जो माणूस धाडी, त्याला जुन्या दरबारात वकील म्हणत. जागच्या जागी हो किंवा नाही म्हणण्याचा पुरा अखत्यार त्याच्याकडे असला, तर त्याला मुखत्यार म्हणत. त्याच्याजवळ शिक्क्याचा कागद असे. हिरडवात अशा माणसाला भरओट्या म्हणतात, बाई असेल तर भरओटीची. आणि ज्याला साधी शेळी घ्यायला पाठवली तरी "घरी विचारून सांगतो" म्हणत परत येतो, तो रिकामओट्या. लग्नाची बोलणी करायला गेलेल्या काकांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत हा शब्द कुणालाही बसू शकतो, आणि बसला की सहसा निघत नाही. हे शब्द या पंचक्रोशीबाहेर कुणाला ठाऊक नाहीत. ते कुठून आले, त्याची हकिकत अशी सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा हिरडव सत्तावीस उंबऱ्यांचं होतं. काळा ओढा पठारावरून उतरतो तो आधी हिरडवाला लागतो, मग कोसभर खाली आसणोलीला. हिरडवकरांनी इथं, या खिंडीपाशी, ओढ्याला बांध घातला होता आणि पाट काढून पाणी आपल्या गव्हाला नेलं होतं. दिवाळीनंतर आसणोलीच्या वाट्याला ओढ्यातले गोटे तेवढे उरत. आसणोलीवाले येऊन बांध फोडीत, हिरडववाले पुन्हा घालीत. काठ्या चालत, डोकी फुटत. अशाच एका हाणामारीत धुरपदेचा नवरा गेला. खंडू त्याचं नाव. बांधावर उभा होता, गोफणीचा दगड कानशिलावर बसला आणि तो पाण्यातच पडला.

धुरपदेचं दुःख एवढ्यावर थांबत नव्हतं. तिची एकुलती एक लेक, सगुणा, आसणोलीतच दिली होती. भांडण पेटायच्या आधी दिलेली. खंडू गेल्यापासून दोन्ही गावांनी एकमेकांची वाट बंद केली होती, त्यामुळं सगुणेला बापाच्या दहाव्यालाही येता आलं नाही. तिला मूल झालं हे धुरपदेला एका गुराख्याकडून कळलं. मुलगा की मुलगी, हे मात्र गुराख्यानं विचारलंच नव्हतं! धुरपदा म्हणे त्या दिवशी त्याच्यावर इतकी चिडली, की त्याला शिव्याही देता येईनात आणि रडताही येईना.

बोलणी होत नव्हती असं नाही. होत होती, पण ती हिरडवी पद्धतीनं. पहिल्यांदा सुभानजी गेला. याचं शेत पाटाच्या तोंडाशीच, म्हणजे पहिलं पाणी याचं. तरी हा गडी मनाचा सरळ. त्यानं आसणोलीत बसून निम्मं निम्मं पाणी ठरवलं, पान खाल्लं आणि हसत घरी आला. गाव त्याच्यावर तुटून पडलं. "तुला निम्मं द्यायला कुनी सांगितलं? तुझ्या बापाचं पानी हाय का?" त्याचा शब्द गावानं त्याच्या तोंडावर मोडला. त्या दिवसापासून सुभानजी देवळाच्या पायरीवर बसायचा बंद झाला.

त्यानंतर जे गेले ते शहाणे होऊन गेले. आसणोलीवाल्यांनी काहीही विचारलं की ते म्हणत, "गावाला विचारून सांगतो." खाली उतरायचं, ऐकायचं, वर चढून गावाला विचारायचं, पुन्हा उतरायचं. एकाच गोष्टीसाठी अकरा खेपा झाल्या म्हणे. तोवर आसणोलीचा गहू वाळून त्याचा पेंढा झाला.

शेवटी कार्तिकात आसणोलीच्या जोत्याजी पाटलाचा सांगावा आला. "येत्या पुनवेपर्यंत असा मानूस धाडा, ज्याचा शब्द तुमाला मागून मोडता येनार न्हाई. तसा मानूस नसंल तर कुनालाच धाडू नका. पुनवेच्या दुसऱ्या दिशी आमी समदे येतो, आन् या येळी बांध एकटाच फुटनार न्हाई."

भैरोबाच्या देवळात गाव जमलं. पुनव पाच दिवसांवर होती. कोण जाणार, म्हणून विचारलं तर जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. काही देऊन आलं तर गाव खाणार, न देता आलं तर माणसं मरणार. आणि सुभानजीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. नव्हे, सगळ्यांनी मिळून केलं होतं.

बायकांच्या बाजूनं धुरपदा उठली. "म्या जाते," म्हणाली.

कुजबुज झाली. कोणी म्हणालं, हिचा नवरा त्यांनीच मारलाय, ही तिथं आग लावून येईल. कोणी म्हणालं, हिची लेक त्यांच्यात आहे, ही पाणी दान करून येईल. दोन्ही बोलणी एकाच बाईबद्दल, एकाच वेळी चालली होती. मग गावच्या पाटलाच्या लक्षात आलं की जिला दोन्ही बाजूंनी चटका बसलाय, ती निदान आंधळेपणानं काही करणार नाही. तो म्हणाला, "जा बाई. गाव तुझ्या पाठीशी हाय."

"पाठीशी नगं," धुरपदा म्हणाली. "सुभानभाऊजींच्या पाठीशी बी हुतं की गाव. माझी ओटी भरा."

विधवेची ओटी भरत नाहीत. हे लहान पोरालाही ठाऊक होतं, आणि धुरपदेला तर चार वर्षं दर हळदीकुंकवाला दाराआड उभं राहून ठाऊक झालं होतं.

"लेक सासरी जाताना तिची ओटी भरता," ती म्हणाली, "म्हंजी काय करता? तिला सांगता, की तू एकटी जात न्हाईस, समदं घर तुज्यासंगं हाय. मला गावाची म्हनून धाडायचं, तर गाव माज्या ओटीत घाला. दर घरानं आपल्या कनगीतलं बियान्याचं मूठभर दानं आनायचं. खायाचं न्हाई, बियान्याचं. ज्या घराची मूठ न्हाई, त्याचा सबूद माज्यापाशी न्हाई. आन् एक बी मूठ कमी पडली, तर म्या जानार न्हाई."

कोणी हलेना. सवाष्णी एकमेकींकडे बघू लागल्या. मग पाटलाची म्हातारी आई, आऊबाई, काठी टेकत उठली. ती स्वतः तीस वर्षांपासून विधवा. विधवेनं कुणाची ओटी भरायची नाही, हेही तितकंच ठरलेलं. आऊबाई म्हणाली, "हिची वटी भरायची न्हाई म्हनता, आन् माज्या हातानं कुनाची भरायची न्हाई म्हनता. मंग दोनी एकदमच मोडू या. दोनदा पाप करायला मला आता यळ न्हाई." तिनं घरून गव्हाची मूठ आणली आणि धुरपदेच्या पदरात ओतली.

धुरपदेला रडू आलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या पदरात काहीतरी घालत होतं. मग बाया उठल्या. कुणी गहू आणला, कुणी नाचणी; ज्यांच्याकडे गव्हाचं रान नव्हतं त्यांनी वाल आणले. दिवस मावळायच्या आत सव्वीस मुठी झाल्या.

सत्ताविसावी सुभानजीची. ती आली नाही.

धुरपदा देवळात बसून राहिली. एक दिवस गेला, दुसरा गेला. गावानं सुभानजीला विनवलं, धमकावलं, पोराबाळांची शपथ घातली. तो म्हणाला, "माजा सबूद गावानं थुकून टाकला. आता माजी मूठ कशाला पायजे?" पाटलानं धुरपदेला समजावलं, की एक मूठ नसली म्हणून काय बिघडतं? ती म्हणाली, "घागरीला एकच भोक असतं, पाटील."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पदर तसाच सावरत सुभानजीच्या दारात गेली. तो ओसरीवर बसला होता. त्यानं सरळ विचारलं, "माज्या रानाचं पानी जानार न्हाई, असं वचन देतीस? मंग घे मूठ."

खोटं बोलायला हीच वेळ होती. दुसरा कोणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. धुरपदा म्हणाली, "न्हाई देत. जाईल बी कदाचित. तुमी अट घालून मूठ दिली तर ती मूठ न्हवं, माज्या गळ्यातलं दावं हुईल. तिथं गेल्यावर धा पावलांत मला मागं वढंल."

धुरपदा जायला निघाली, दोन पावलं गेली आणि परत वळली. "भाऊजी, त्या दिशी गावानं तुमचा सबूद मोडला, तवा म्या बी तितंच हुते. तुमी बरूबर हुता ह्ये मला कळत हुतं. म्या त्वांड उगडलं न्हाई. त्या दिशी माजी मूठ तुमच्या वटीत न्हवती, म्हनून तुमी पडला. चुकलं माजं."

चार वर्षांत सुभानजीला हे कोणी म्हणालं नव्हतं. तो आत गेला. कणगीत हात घालण्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी भरलेल्या होत्या. "एक आजची," तो म्हणाला, "आन् एक त्या दिशीची."

पुनवेला सकाळीच धुरपदा एकटी खाली आसणोलीला उतरली. वेशीवर जोत्याजी पाटील आणि त्याची माणसं बसली होती. विधवा बाईच्या कमरेला भरली ओटी बघून आधी त्यांना काही उमजेना. जोत्याजी जरा कुत्सितपणेच म्हणाला, "बस बाई. बोलू. पर तू बी गावाला विचारूनच सांगशील, न्हवं का?"

धुरपदेनं ओटी सोडली आणि दाणे त्यांच्यासमोर धरले. "ही सत्तावीस घरं. विचारायचं कुनाला? समदे हितंच हायती."

जोत्याजीनं वाकून बघितलं. शेतकरी माणूस होता. हे खायचे दाणे नव्हेत, राखेत जपून ठेवलेलं बियाणं आहे, हे त्यानं ओळखलं. त्यानं डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि आपल्या माणसांना सरकून तिला सावलीत जागा द्यायला सांगितली.

एकानं खंडूची गोष्ट काढली. ज्याच्या गोफणीचा तो दगड होता तोच असावा, असं म्हणतात. धुरपदेनं त्याला थांबवलं. "ते दुक्क माजं एकटीचं. ते घरी ठिवून आले. या वटीत ते न्हाई."

मग बोलणं पाण्यावर आलं आणि इथं एक गोष्ट झाली, जी आधीच्या अकरा खेपांत एकदाही झाली नव्हती. आधी गेलेले सगळे पुरुष बांधाबद्दल बोलले होते. बांध कुणाचा, किती, कधीपासून. धुरपदेनं बांधाचं नावच काढलं नाही. तिनं विचारलं, तुमचा डोह चैत्रात आटतो का?

आसणोलीच्या शिवेत ओढ्याला खोल डोह आहे, तो बारमाही भरलेला असतो. हिरडवाच्या विहिरी मात्र होळी झाली की तळ दाखवतात. पूर्वी हिरडवच्या बाया आणि गुरं उन्हाळाभर त्या डोहावर येत. भांडण लागल्यावर आसणोलीनं वाटेवर काट्या घातल्या, आणि चार उन्हाळे हिरडवच्या बाया दोन कोस रानातून डोक्यावर पाणी आणत होत्या. गव्हाच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या एकाही गड्याला हे बोलणीत काढावंसं वाटलं नव्हतं, कारण ते पाणी त्यांच्या डोक्यावरून येत नव्हतं.

"आमचं रान खडकाळ," धुरपदा म्हणाली. "तितं हरभरा दवावर येतो, त्याला पाट लागत न्हाई. गहू आमी हट्टानं करतो. हिवाळ्याचं समदं पानी तुमी घ्या. पाट आमी बुजवतो. होळीपास्नं मिरगापत्तुर डोह आमचा. आन् सुगीला तुमचा गहू आमी मापास माप हरभऱ्यावर घेऊ."

जोत्याजी निम्मं मागायला बसला होता, आणि ही बाई सगळं देत होती. त्यानं विचारलं, "तुज्या गावाला ह्ये चालंल?"

"माज्या गावानंच तुमाला सांगितलं आत्ता," धुरपदा म्हणाली.

ठरलं. उठताना जोत्याजी म्हणाला, "सगुनाचं घर पल्याडच हाय. लेकीला भेटून जा. ती नातू दावंल तुला." म्हणजे मुलगा होता. शंभर पावलांवर घर होतं, आणि कोणी अडवत नव्हतं. पण ती म्हणाली, "आज न्हाई. आज म्या तिची आई म्हनून आले न्हाई." तिनं आसणोलीचं पाणीसुद्धा घेतलं नाही. ओटी बांधली आणि चढण चढायला लागली. वाटेत मात्र एका करवंदीच्या जाळीआड बसून ती पोटभर रडली, असं सांगतात. बाबा म्हणतात, ते कुणी बघितलं नव्हतं, पण न रडता कशी येईल?

हिरडवात तिनं देवळासमोर उभं राहून काय दिलं नि काय आणलं ते सांगितलं. बायकांमध्ये कोणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. चार उन्हाळ्यांचा हुंदका होता तो. पुरुषांचे चेहरे मात्र उतरले. पाट बुजवायचा? बापजाद्यांचा गहू सोडायचा? कुणीतरी ओरडलं, "हिला एवढं द्यायला कुनी सांगितलं?"

तेच शब्द. चार वर्षांपूर्वीचे, याच जागी बोललेले. धुरपदा उभी होती ती तशीच उभी राहिली.

सुभानजी पायरीवरून उठला. पाट बुजला तर सगळ्यात मोठं नुकसान त्याचंच होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तो ओरडणाऱ्याला म्हणाला, "म्या सांगितलं. माज्या दोन मुठी हुत्या तिच्या वटीत. तुजी एक हुती. इसरलास का?" मग त्यानं घरून पहार आणली आणि खिंडीकडे चालू लागला. पाटाच्या वरच्या अंगाला, उतारावर, हा दगड होता. सुभानजीनं त्याच्याखाली पहार घातली. एकट्या माणसानं तो हलवला, असं जुनी माणसं चमत्कार म्हणून सांगतात. सखाहरीबाबांचं म्हणणं वेगळं आहे. त्याच्या मागोमाग पाटील आला, मग ओरडणाराही आला, आणि सत्तावीस घरांचे हात लागल्यावर दगड हलला, यात चमत्कार कसला? दगड गडगडला आणि पाटाच्या तोंडात बसला. बांध त्यांनी स्वतःच्या हातांनी मोकळा केला. धुरपदेनं ओटीतलं बियाणं दगडाच्या पायथ्याशी पेरलं. ज्यांचं ते होतं त्यांना ते परत वाटता येण्यासारखं नव्हतं. सगळ्यांचं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी आसणोलीवाल्यांनी काट्या काढल्या. हिरडवच्या बाया घागरी घेऊन डोहावर उतरल्या. पलीकडच्या काठावर सगुणा उभी होती, कडेवर तीन वर्षांचा पोरगा. धुरपदेनं घागर तिथंच टाकली आणि ती पाण्यातून तशीच पलीकडे गेली. पोरगं अनोळखी बाईला बघून भोकाड पसरून रडायला लागलं. त्याचं नाव सगुणेनं खंडू ठेवलं होतं.

आजही हिरडवाचा हरभरा पंचक्रोशीत नावाजलेला आहे आणि उन्हाळ्यात डोहावर दोन्ही गावांची गुरं एकत्र बसतात. आजही गावचं महत्त्वाचं काम घेऊन कोणी निघालं की घरटी बियाण्याची मूठ गोळा होते. पुरुष असला तर त्याच्या उपरण्यात बांधतात. पहिली मूठ विधवेच्या हातची असते, आणि एकही घर राहिलं तर माणूस वेस ओलांडत नाही. गेलेल्या ठिकाणी तो स्वतःच्या नातलगाकडे पाणीही पीत नाही. परत आला की दाणे इथं पेरतो, आणि त्यानं जे ठरवलं त्यावर गावात कोणी "कुणी सांगितलं?" असं विचारत नाही.

परवाच्या मंडळींत एक वकील होते. त्यांनी बाबांना विचारलं, "पण बाबा, समजा तुमचा भरओट्या चुकला तर?"

बाबांनी उतरणीकडे पाहिलं. त्यांना गावात लवकर परतायचं होतं. धरणात बुडणाऱ्या माळाच्या बदल्यात कुठली जमीन घ्यायची, हे ठरवायला दुसऱ्या दिवशी तालुक्याला गावचा माणूस जायचा होता. या खेपेला सगळ्यांनी मिळून शाळेतल्या तरुण बाईंना निवडलं होतं. वर्षापूर्वी नवरा गेलेल्या, आणि दुसऱ्या जातीच्या. बाबांचा माळ त्या बुडणाऱ्या माळातला. त्यांनी कनवटीची पुरचुंडी काढून चाचपली आणि पुन्हा नीट खोचली. आत मूठभर हरभरा होता.

"चुकंल की," बाबा म्हणाले. "मानूस हाय, चुकंल. पर तवा ती चूक त्याची एकट्याची नसंल. माजी बी मूठ हाय तिच्यात." आणि ते उतरणीला लागले.